जुनी जिप्सी लडाखला न्यायची तर

जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या जाहिराती वाचण्यात मोठी करमणूक असते. ‘आर्मी कंडिशन’, ‘फुल्ली मॉडिफाइड’, ‘एक रुपयाचं काम नाही, पेट्रोल टाका आणि निघा’. फोटोत रुंद टायर, छतावर दिव्यांची रांग, पुढे जाड लोखंडी बंपर, त्यात विंच आणि बॉनेटच्या कडेने वर गेलेलं काळं स्नॉर्कल. आठ-दहा फोटो असतात, पण गाडीखाली वाकून काढलेला एकही नसतो. घेणाऱ्याची नजर मात्र तिथूनच सुरू व्हायला हवी. आधी चासी, मग ॲक्सल, मग गिअरबॉक्स, मग इंजिन. दिवे सगळ्यात शेवटी. लांबच्या खडतर प्रवासात जुन्या गाड्या बंद पडतात त्या बहुतेक दोन कारणांनी: आतून खाल्लेलं लोखंड आणि मालकाने हौसेने चढवलेलं वजन. पहिलं कारण विकत घेताना ओळखता येतं, दुसरं गाडी बनवताना टाळता येतं.

‘एवढी जुनी गाडी इतक्या लांब जाईल का?’ हा प्रश्न घरातून हमखास येतो. त्याला एक चांगलं उत्तर आहे. १९५५च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाले आणि मार्च १९५६ मध्ये पोचले. टिम स्लेसर या त्यांच्यातल्या एकाने त्या प्रवासावर ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक लिहिलं. गाड्यांची नावंही ‘ऑक्सफर्ड’ आणि ‘केंब्रिज’ अशीच होती. ‘केंब्रिज’ पुढे इराणमध्ये दरीत कोसळून संपली. ‘ऑक्सफर्ड’ फिरत फिरत दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर जाऊन पडली, गंजली, तिथून इंग्लंडला आणली गेली, दुरुस्त झाली आणि २०१९ मध्ये सिंगापूरहून लंडनला उलट दिशेने धावली. तेव्हा तिचं वय चौसष्ट वर्षं होतं. हे जमलं ते तिच्या बांधणीमुळे. शिडीसारखी चासी, तिच्यावर नट-बोल्टने बसवलेली बॉडी, खाली सलग ॲक्सल आणि पाटे. बिघडलेला भाग काढायचा, नवा लावायचा. अशा बांधणीची गाडी वयाने मरत नाही, ती चासी गेली की मरते.

आपल्याकडे या बांधणीच्या गाड्या काही कमी नाहीत. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, तिचा वंश एमएम ५४० सारख्या गाड्यांतून २०१०च्या नाशिकच्या थारपर्यंत येतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच पुढे-मागे डिफरन्शियल लॉक घेऊन येते. जुनी टाटा सफारी आणि फॉर्च्युनर यांत आराम जास्त. पजेरो दणकट खरी, पण ती आता देशात नवी विकली जात नाही आणि सुट्या भागांसाठी वणवण करायची तयारी लागते. या सगळ्यांत मी जिप्सीची बाजू घेईन. ती सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे; प्रत्येक बाबतीत तिच्यापेक्षा सरस गाडी दाखवता येईल. पण ती हलकी आहे, साधी आहे, आणि लष्कराने तिला वर्षानुवर्षं डोंगरात वापरल्यामुळे मनाली, लेह, काझा या भागांत तिचं काम हाताखालून गेलेला माणूस शोधावा लागत नाही.

मारुतीने जिप्सी १९८५च्या डिसेंबरात आणली, सुझुकीच्या एसजे ४१० जिम्नीवरून. सुरुवातीचं इंजिन ९७० सीसीचं, गिअर चार. १९९३ मध्ये चाकांमधलं अंतर वाढवून तिला थोडं रुंद केलं, १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर असलेली ‘जिप्सी किंग’ आली, आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. त्या इंजिनाची ताकद सुमारे ८० अश्वशक्ती. मोहिमेसाठी घ्यायची तर हीच, २००० नंतरची. कारण उंचीवर कळेल. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९च्या सुमारास थांबली, त्यामुळे अगदी ‘नवी’ जिप्सीसुद्धा आता वापरलेलीच मिळते.

कागद आधी बघावेत, कारण कागद वाईट असतील तर गाडीखाली शिरून कपडे मळवण्यात अर्थ नाही. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळतो का, इंजिन नंबर जुळतो का, एवढं स्वतः वाचावं. अनेक जिप्स्यांत मधल्या काळात दुसऱ्या गाड्यांची डिझेल इंजिनं बसवली गेली आहेत. मायलेज चांगलं मिळतं, पण आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर पासिंग होणार नाही आणि अपघातात विमा कंपनी हात वर करेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. लोखंडी बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. तेव्हा जाहिरातीतली ‘फुल्ली मॉडिफाइड’ गाडी म्हणजे दुसऱ्याच्या कटकटी आपण पैसे देऊन विकत घेणं.

गाडी परराज्यातली असेल तर एनओसी लागते, आणि मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा उतरलेला नसतो, तोही बघायचा. पंधरा वर्षं झालेली गाडी असेल तर पुन्हा नोंदणी झाली आहे का आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरला आहे का, हे विचारावं. दिल्ली परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. त्यात चांगल्या गाड्या असतात, पण एनओसी हातात येईपर्यंत पैसे देऊ नयेत. लष्कराच्या लिलावातली म्हणून सांगितलेल्या गाडीचे लिलावाचे कागद मूळ प्रतीत मागावेत. ‘नंतर पाठवतो’ या उत्तरावर चहा पिऊन परत फिरावं.

आता गाडी. विकणाऱ्याला आधीच सांगावं की इंजिन थंड असताना बघायला येणार. तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. जाताना टॉर्च, अंथरायला गोणपाट, छोटी हातोडी आणि जॅक न्यावा.

जिप्सीची चासी बंद पेटीसारखी असते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेरून काळा रंग चकचकीत असतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. गोणपाटावर आडवं होऊन चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर पुढून मागे हातोडीने हलके ठोके देत जायचं. धड लोखंड खणखणीत वाजतं. पोखरलेल्या जागी आवाज बद्द होतो आणि कधीकधी बारीक लाल भुगा तोंडावर पडतो. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते पाट्यांचे शॅकल चासीला जिथे धरतात तिथे, पुढच्या चाकांच्या मागच्या भागात आणि सर्वांत मागच्या आडव्या पट्टीवर, कारण चिखल याच जागी अडकून राहतो. नंतर पायाखालची रबरी मॅट उचलून फ्लोअर बघायचा, आणि बॉडी चासीवर बसते त्या रबरांच्या आजूबाजूला बोटाने दाबून बघायचं. ताजा जाड काळा रंग, जागोजागी वेल्डिंगचे ठिगळ, लांबी भरून सपाट केलेले कोपरे हे सगळं संशयास्पद. रत्नागिरी-मालवणकडे वर्षानुवर्षं राहिलेल्या गाडीवर खाऱ्या हवेचा परिणाम असतोच, आणि दर रविवारी किनाऱ्यावर पाण्यातून पळवलेली गाडी तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. दरवाजा, पत्रा, काच हे सगळं बदलता येतं. चासी बदलणं म्हणजे कागदांसकट गाडीच बदलणं.

पुढची चाकं हा दुसरा मुक्काम. पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, चाकाच्या आतल्या बाजूला, एक गोळा दिसतो. चाक ज्याच्याभोवती वळतं तो हा भाग. त्याच्यावर ग्रीसचा पातळ, कोरडा थर असणं ठीक. पण तिथून पातळ काळं तेल गळून चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलेलं असेल, तर ॲक्सलच्या आतलं सील गेलेलं आहे. डिफरन्शियलचं तेल बाहेर येऊन ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस पातळ होतं आणि बेअरिंग कोरडी पडतात. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला बरंच काही उघडावं लागतं आणि उघडल्यावर बेअरिंगही बदलावी लागतात. मग चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवायचं. ‘टक टक’ असं जाणवलं तर किंगपिन किंवा चाकाची बेअरिंग सैल आहेत. हीच सैल गाडी साठ-सत्तरच्या वेगात खड्ड्यावरून गेली की स्टिअरिंग हातात थरथरू लागतं. बरेच गॅरेजवाले त्यावर स्टिअरिंग डँपर बसवून देतात. तो आजारावर पांघरूण घालतो, इलाज करत नाही.

फोर बाय फोरची चाचणी डांबरावर घेऊ नये, आणि विकणाराच डांबरावर घेऊन दाखवत असेल तर त्याला गाडी कळत नाही असं समजावं. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर-एचमध्ये टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, त्यांना जास्त फेरे हवे असतात. मातीवर किंवा बर्फावर चाक थोडं घसरून हा फरक जिरवतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि ताण ट्रान्सफर केसमध्ये, क्रॉसमध्ये आणि ॲक्सलमध्ये पिळासारखा साठत जातो. म्हणून मोकळं मैदान गाठायचं, पुढच्या हबचे लॉक फिरवायचे, फोर-एच आणि फोर-एल दोन्ही टाकून सरळ आणि वळणात चालवून बघायचं. फोर-एलमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उसळून बाहेर येतो का, हे विशेष बघावं. लिव्हर हलतच नसेल, तर वर्षानुवर्षं कुणी ते वापरलेलं नाही. हे वाईटच असतं असं नाही, पण भाव कमी करायला कारण आहे.

इंजिनाची तपासणी त्या मानाने सोपी. थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, ते बघायचं. सुरू करताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून धूर फसफसून येऊ लागला तर पिस्टनच्या रिंग दमल्या आहेत. हे सगळं असूनही मी इंजिनाला शेवटचं स्थान देतो, कारण जिप्सीचं इंजिन उघडून बांधणं ही देशात कुठेही होणारी गोष्ट आहे. मीटरवरच्या किलोमीटरवर मात्र कधीच विसंबू नये. ताडोबाच्या जंगलात पर्यटक फिरवलेली जिप्सी बघा: मीटर कमी दाखवतं, कारण ती दिवसभर धुळीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलेली असते. इंजिन किती तास चाललं हे मीटरला कळत नाही. शिवाय अशा गाड्या पिवळ्या पाटीच्या असतात आणि त्यांची बॉडी कापून बाकडी चढवलेली असते, ते सगळं कागदावर परत खासगी करून घ्यावं लागतं.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सात-आठ वर्षांचा रबर कडक झालेला असतो. पाचही टायर बदलावे लागतील असं धरूनच भाव करावा, स्टेपनीसकट.

माझा हिशेब असा असतो की हातात शंभर रुपये असतील तर साठाची गाडी घ्यावी आणि चाळीस दुरुस्तीसाठी ठेवावेत. ऐंशीची ‘रेडी’ गाडी घेणाऱ्याला पहिल्या वर्षात आणखी चाळीस घालावे लागतात, फक्त ते कुठे तरी रस्त्यात घालावे लागतात.

या चाळीसांतले पहिले पैसे न दिसणाऱ्या गोष्टींवर जातात. सगळी तेलं, सगळी सीलं, चाकांची बेअरिंग, ब्रेकचे रबरी पाइप, मास्टर सिलिंडरची किट, रेडिएटर उघडून सफाई, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, फॅन बेल्ट, टायमिंग बेल्ट, क्लच केबल. काढलेले पण चांगले असलेले जुने भाग फेकू नयेत. तेच मोहिमेतले सुटे भाग होतात, आणि ते या गाडीला बसतात हे आधीच सिद्ध झालेलं असतं. हे काम होत असताना गॅरेजमध्ये दोन दिवस नुसतं उभं राहावं. निदान एका चाकाचं बेअरिंग मिस्त्रीच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने बदलावं. लडाखमध्ये पांगच्या पुढे मोरे मैदानात मिस्त्री मिळत नाही.

मग वजन. जिप्सीचं रिकामं वजन सुमारे हजार किलो, आणि माणसं-सामान धरून तिला पेलायचं कमाल वजन सोळाशेच्या आसपास. म्हणजे हातात सहाशे किलो. आता लोक काय चढवतात ते मांडून बघा. दोन माणसं त्यांच्या कपड्यांसह १७० किलो. लोखंडी बंपर आणि विंच ८५. छतावरचं कॅरिअर आणि त्यावरचा घडीचा तंबू ९५. वीस लिटरचे दोन जेरिकॅन पेट्रोल ३८. चाळीस लिटर पाणी ४०. दुसरी बॅटरी १८. फ्रीज आणि लाकडी खण ५०. हत्यारं, दोर, सुटे भाग, जॅक ६०. मोठ्या पाच टायरांचं जादा वजन ३०. बेरीज ५८६. अजून शिधा, गॅस, अंथरुणं आणि कॅमेरे यायचेच आहेत. गाडी निघण्याआधीच मर्यादेला टेकली. मग पाटे बसतात, म्हणून जादा पाटे घातले जातात. त्यामुळे रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते आणि चासीला तडे जायला लागतात. ब्रेक तेच राहतात, क्लच तोच राहतो, आणि उतारावर दोघांचाही वास येतो.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे यादीवर काट मारणं. दोन माणसांच्या प्रवासाला विंच लागत नाही. चांगलं फावडं, ताणला जाणारा दोर, चासीला पक्के बसवलेले ओढण्याचे हुक, दोन ट्रॅक्शन बोर्ड आणि हवा भरायचा पंप एवढ्यावर बहुतेक वेळा गाडी निघते. ओढताना बॉल-हूकला दोर कधीही बांधू नये. तो हूक तुटून गोळीसारखा सुटतो. छतावरच्या तंबूचा मोह टाळावा. अरुंद गाडीच्या डोक्यावर शंभर किलो म्हणजे तिरक्या रस्त्यावर उलटण्याला आमंत्रण. तंबू जमिनीवर लावावा, किंवा मागची सीट काढून तिथे फळी टाकून झोपावं. काटकुळ्या माणसाला जमतं.

टायर मात्र चांगले हवेत, आकाराने कंपनीने दिलेल्याच मापाचे किंवा अगदी थोडे मोठे. फार मोठे टायर म्हणजे गिअरिंग उंच होतं. जे इंजिन आधीच उंचीवर धापा टाकणार आहे त्याच्या गळ्यात आणखी लोढणं. वाळूत आणि मऊ चिखलात खरा फायदा होतो तो हवा कमी केल्याने. एरवी सव्वीस-अठ्ठावीस पीएसआय असलेली हवा सोळा-अठरावर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. दगडाळ आणि पक्क्या रस्त्यावर परतताना हवा भरायला विसरू नये, नाहीतर टायर रिममधून सुटतो.

डिफरन्शियल लॉक हा एकमेव महागडा भाग आहे जो मी परवडत असेल तर मागच्या ॲक्सलमध्ये बसवायला सांगेन. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा बर्फावर आलं की ताकद त्याच चाकाकडे जाते आणि ते नुसतं गरगरतं. पुढे एक आणि मागे एक अशी तिरकी दोन चाकं सुटली की फोर बाय फोर असूनही गाडी जागची हलत नाही. लॉक दोन्ही चाकं एकत्र बांधतो. पण लॉक वापरण्याआधी रेष, म्हणजे चाकं नेमकी कुठून न्यायची ती वाट, निवडणं शिकावं लागतं, आणि रेष नीट निवडणाऱ्याला लॉकची गरज क्वचित पडते.

पाण्याबद्दल गैरसमज खूप आहेत. स्नॉर्कल लावलं म्हणजे गाडी पाणबुडी झाली असं काही लोक वागतात. स्नॉर्कल इंजिनात पाणी ओढलं जाण्यापासून वाचवतं, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर पिस्टन त्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण पाणी ॲक्सलमध्येही शिरतं. दिवसभर चालून गरम झालेला ॲक्सल बर्फाच्या पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. यावरचा उपाय काही रुपयांचा आहे: ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना लांब नळ्या जोडून त्यांची तोंडं बॉनेटखाली उंच बांधायची. जे लोक हजारो रुपयांचं स्नॉर्कल लावतात, त्यांतले निम्मे हे करत नाहीत. ग्रामफूपासून काझाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नाले सकाळी लवकर ओलांडावेत, कारण वरचा बर्फ दुपारी वितळतो आणि पाणी चढतं. तळ दिसत नसेल तर आधी चालत जाऊन बघावं. चालता येत नसेल तर गाडीनेही जाऊ नये. मुक्कामाला पोचल्यावर ॲक्सलच्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन बघावा. दुधाळ दिसला तर तेल बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उंचीचं गणित वेगळं. तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण निम्मीच उरते. ८० अश्वशक्तीचे ४० होतात. एमपीएफआय इंजिन हवा मोजून तेवढंच पेट्रोल देतं, पण कार्ब्युरेटरवाली जुनी जिप्सी नेहमीएवढंच पेट्रोल ओतत राहते, काळा धूर सोडते आणि चढावर गुदमरते. म्हणून २००० नंतरची गाडी घ्यायची. दुसरी गोष्ट रेडिएटरची. दाब कमी असल्यामुळे पाच हजार मीटरवर उघडं पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून हे टाळतं, आणि तेच झाकण सैल, रबर फाटलेलं असतं. गाडीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. नवं झाकण आणि पाण्यात निम्मं कूलंट एवढ्यावर खिंडी पार होतात. रात्रीच्या थंडीत तेच कूलंट पाण्याचा बर्फ होऊन इंजिनाला तडा जाऊ देत नाही. डिझेल गाडीवाल्यांना आणखी एक काळजी असते, कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठण्याची. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल लडाखसाठी आणलं. पेट्रोलवाल्यांना ही डोकेदुखी नाही.

पेट्रोलवाल्यांना दुसरी असते. जिप्सीची टाकी चाळीस लिटरची, आणि घाटात, खालच्या गिअरमध्ये, लादलेल्या गाडीला लिटरमागे आठ-नऊ किलोमीटर मिळाले तरी नशीब. म्हणजे एका टाकीत फार तर ३६० किलोमीटर. मनाली-लेह मार्गावर टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक प्रसिद्ध आहे. तेव्हा एक जेरिकॅन सवयीचा आणि दुसरा निर्धास्तपणाचा. कॅन पत्र्याचे घ्यावेत, बसायच्या जागेत ठेवू नयेत, आणि तोंडापर्यंत भरू नयेत. उंचीवर आतल्या वाफेचा दाब वाढतो.

विजेच्या कामात कंजुषी केली तर गाडी पेटते. दिव्यांच्या माळा, फ्रीज, चार्जर हे सगळं जुन्याच वायरिंगला टोचून जोडलेलं असेल तर ते आधी उपटून काढावं. प्रत्येक जादा जोडणीला वेगळी जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. दुसरी बॅटरी लावायची तर मधे आयसोलेटर, नाहीतर रात्रभर फ्रीज चालून सकाळी दोन्ही मरतात. स्वयंपाकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: एक शेगडी, एक कुकर, एक पाण्याचा कॅन. फ्रीज घरी ठेवला तरी चालतो, लडाखमध्ये निसर्ग तो फुकट पुरवतो.

गाडी तयार झाली की तिला पूर्ण वजनासह सह्याद्रीत न्यावं, ताम्हिणी किंवा वरंधा, भर पावसात. छत गळतं का, वायपर टिकतात का, ओल्या ब्रेकनी गाडी एका बाजूला ओढते का, हे सगळं तिथे कळतं. पाचशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळायचे; नव्याने बसवलेले पाटे तेवढ्यात हमखास सैल होतात. या फेरीत जे तुटतं ते दोन तासांत टेम्पोवर घालून घरी आणता येतं.

त्यामुळे वेळापत्रकही उलट्या दिशेने आखावं. लडाखचा सप्टेंबर कोरडा, नाले उतरलेले आणि गर्दी ओसरलेली. ऑक्टोबरपासून खिंडींवर बर्फ पडू लागतो. सप्टेंबरात निघायचं तर जुलैच्या पावसात चाचणी, एप्रिल ते जून गॅरेज, आणि गाडी फेब्रुवारी-मार्चमध्येच दारात हवी. मेमध्ये गाडी घेऊन जूनमध्ये निघायची घाई करणाऱ्यांनी त्या वर्षी भाड्याच्या गाडीने जावं.